उंबरठ्यावरचा खिळा

मागल्या मार्चमध्ये आमच्या कॅमडेनच्या फ्लॅटमधला धुराचा अलार्म वाजला आणि शेजारच्या बाई ड्रेसिंग गाऊनवरच जिन्यात आल्या. आग वगैरे काही नव्हती. आई भारतातून आलेली होती. नातीचा ताप चार दिवस उतरेना, म्हणून तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन मुलीवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. मी स्टुलावर चढून अलार्मपाशी टॉवेल हलवतोय, बायको खिडक्या उघडतेय, शेजारच्या बाईंना "कुकिंग, कुकिंग" असं सांगणं चाललंय, आणि या सगळ्या गोंधळात आई शांतपणे म्हणाली, "ठसका लागला ना? म्हणजे फार नव्हती."

आमच्या घरचा नियम असा: ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती आणि ती जळाली, ठसका लागला तर दृष्ट साधी होती आणि तीही जळाली. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. जी चाचणी कधी नापासच होत नाही, तिला आमच्या धंद्यात चाचणी म्हणत नाहीत. पण हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला.

असा साठा तुमच्याही घरी असणारच. रात्री नखं कापू नयेत, दिवेलागणीला केर काढू नये, बाहेर पडणाऱ्याला कुठे जातोस विचारू नये, तिघांनी मिळून कामाला निघू नये, आणि निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावं. यातलं शेवटचं मी हीथ्रोला जाताना आजही पाळतो. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत मात्र या सगळ्याचं एक 'शास्त्रीय कारण' सांगायची पद्धत पडली आहे. नखांचं म्हणे तेव्हा दिवे नव्हते म्हणून. केराचं म्हणे अंधारात दागिना निघून जाईल म्हणून. असेलही. पण मग घरात दिवे आल्यावर नियम का गेला नाही, हे कुणी सांगत नाही. विज्ञानात डॉक्टरेट घेतलेले लोक असं बोलायला लागले की मला जास्त अवघडल्यासारखं होतं, कारण त्यांत मीही एक आहे. मी इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी केली आहे आणि सातवीपर्यंत दापोली तालुक्यातल्या एका गावात भुतांच्या शेजारी वाढलो आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ताप उतरल्यावर नातीने आजीकडे गोष्टींचा हट्ट धरला. आई गोष्टी चांगल्या सांगते. त्यातली एक आमच्या परसातल्या विहिरीवरच्या हडळीची. पोफळींच्या आगरात रहाटाची विहीर. तिन्हीसांजेनंतर तिथे एक बाई पाठमोरी बसलेली दिसते. केस मोकळे, पाय उलटे. समोरून पाहिली तर देखणी, मागून पाठच नाही. हाक मारली तर ओ द्यायची नाही. आम्ही पोरं लहानपणी या गोष्टीवर पोसलो. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या त्या इंग्रजी वळणाच्या मराठीत विचारलं, "आजी, पण तिचं नाव काय?"

आई म्हणाली, "हडळीला कसलं नाव?"

मुलीचा प्रश्न तसा साहजिक होता. ती जिथे वाढते तिथे भुतांना नाव असतं, पत्ता असतो, कधी कधी जन्म-मृत्यूचं सालही असतं. कॅमडेन टाउनच्या ट्यूब स्टेशनसमोर 'वर्ल्ड्स एंड' नावाचा मोठा पब आहे. त्याचं आधीचं नाव 'मदर रेड कॅप'. सतराव्या शतकात तिथे एक एकटी म्हातारी राहायची, तिला लोक 'मदर डॅम्नेबल' म्हणत. औषधाला आणि भविष्याला तिच्याकडे जायचं आणि गावात काही वाईट घडलं की तिच्याच दारात ओरडायचं, असा व्यवहार. ती मेली त्या रात्री सैतान तिच्या घरात शिरताना शेकडो लोकांनी पाहिला, बाहेर येताना मात्र कुणी पाहिला नाही, अशी दंतकथा आहे. तिचं नाव जिनी बिंगहॅम होतं असं सांगतात. हायगेटच्या पाँड स्क्वेअरमध्ये तर कोंबडीचं भूत आहे. १६२६ साली फ्रान्सिस बेकनने बर्फाने मांस टिकतं का हे पाहायला एका कोंबडीत बर्फ भरला, त्यात थंडी बाधून तो गेला, आणि कोंबडी अजून पिसं उपटलेल्या अवस्थेत धावते म्हणे. प्रयोगाच्या साधनाचं भूत झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नाव विचारल्यावर आई गप्प झाली, हे माझ्या लक्षात राहिलं. त्या रात्री मुलगी बाथरूमला एकटी जाईना. बायको माझ्यावर रागावली. आईवर रागावता येत नाही तेव्हा माझ्यावर रागावतात, ही आमच्या घरची सोय आहे. "तू लहानपणी घाबरलास तेवढं पुरे नाही का? हिला कशाला?" असा तिचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी नेहमी करतो ते केलं, वाचायला गेलो.

ब्रिटिश लायब्ररी आमच्याच कॅमडेन बरोमध्ये, सेंट पँक्रस स्टेशनला लागून आहे. आमच्या घरून पायी पंचवीस मिनिटं. इंडिया ऑफिसचे कागद १९८२ पासून त्यांच्या ताब्यात आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात या लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि साधा कॅटलॉगसुद्धा काही महिने बंद पडला. धंद्यामुळे असेल, पण ती हकीकत मला कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा भीतीदायक वाटते. आता कारभार पुष्कळसा सुरळीत झाला आहे. वाचक-पास काढायचा, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल घेऊन आत जायचं.

मला हवं होतं ते पुस्तक १९१५ साली मुंबईत छापलेलं. कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदींचा हा खंड, त्याआधी १९१४ मध्ये गुजरातचा निघाला होता. संपादक आर. ई. एन्थोवेन नावाचे सनदी अधिकारी. पण माहिती त्यांनी गोळा केलेली नाही, ती ए. एम. टी. जॅक्सन यांनी केली. हे नाव वाचून तुम्ही थबकला असाल, तर बरोबर आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन तो हाच. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग त्याच्या निरोपासाठी लावला होता, आणि तिथेच अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. शाळेत हा धडा आपण सगळ्यांनी वाचला. त्या धड्यातला जॅक्सन आणि गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून 'तुमच्याकडे भुतं कोणती?' असं विचारणारा, संस्कृत जाणणारा जॅक्सन हा एकच माणूस, हे काही मला त्या धड्यात भेटलं नव्हतं. त्याच्या मरणानंतर ती उत्तरं पडून राहिली, ती एन्थोवेन यांनी लावून छापली, आणि १९२४ मध्ये त्यावरूनच मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर एक मोठा ग्रंथ ऑक्सफर्डहून काढला.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण तळटीपांत गावांची नावं येत राहतात: अमुक गावचे शाळामास्तर, तमुक गावचे शाळामास्तर. ते वाचताना मला ते मास्तर दिसायला लागले. डोक्याला रुमाल, बोरूची सवय, सरकारी लखोटा आलेला, आणि प्रश्न काय, तर भुतांचे प्रकार सांगा! त्यांनी ते काम चोख केलं. वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ: जणू शाळेचा हजेरीपट.

आणि हजेरीपट म्हणूनच तो वाचावा, असं मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वाचनकक्षात बसून वाटलं. लहानपणी आम्हाला ही नावं म्हणजे वेगवेगळे प्राणी वाटायचे, वाघ, तरस, कोल्हा तसे. प्रत्यक्षात ते माणसांचे प्रकार आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा; तो पिंपळावर राहतो. समंध म्हणजे ज्याच्या मागे कुणी उरलं नाही, किंवा ज्याचा जीव इस्टेटीत अडकला. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा. विद्येचा गर्व झालेल्या ब्राह्मणाचा ब्रह्मग्रह. विधवेची लावसट. आणि बाळंतपणात किंवा सुवेराचे दहा दिवस फिटायच्या आत गेलेल्या बाईची हडळ किंवा जखीण किंवा अळवंतीण. नाव गावागणिक बदलतं, बाई तीच. पोटभर जगून, नातवंडं पाहून गेलेल्या म्हाताऱ्याचं भूत या यादीत नाही. ज्यांचं काहीतरी अर्धं राहिलं, तेवढ्यांचीच नोंद आहे.

आणखी एक गोष्ट त्या यादीत आहे, ती आपण गोष्टी सांगताना गाळतो. भुतांना जात आहे. ब्रह्मग्रह आणि मुंजा ब्राह्मणांचे, खवीस महाराचा किंवा मुसलमानाचा, झोटिंग खारव्या-कोळ्यांचा. वरच्या जातीचं भूत पिंपळावर बसतं आणि क्वचित मदतही करतं. खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीचं भूत दांडगं, क्रूर, गळा दाबणारं. गावात ज्यांना जिवंतपणी वेशीबाहेर ठेवलं, ते मेल्यावर तरी सूड घेतील, ही ठेवणाऱ्यांच्या मनातली धास्ती याहून स्पष्ट कुठे लिहिलेली मी वाचली नाही. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनमध्ये शिकत होते तेव्हा आमच्या या कॅमडेनमध्येच, किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. त्या घरावरून मी आठवड्यातून दोनदा जातो. खवीसाची गोष्ट मी मुलीला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही.

मात्र चकव्याची सांगितली, आणि तिच्यावर थोडं थांबतो, कारण चकवा माझ्या विषयाच्या जवळचा आहे. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मोठा सडा आहे, सगळा कातळ. पावसाळ्यात धुकं उतरलं की हातभर पलीकडचं दिसत नाही. रात्री सडा ओलांडणारा माणूस तास-दोन तास चालून पुन्हा निघाला त्याच दगडापाशी येतो. त्याला चकवा लागला म्हणतात. २००९ साली जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान झाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात जीपीएस लावून सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. ढग आले की गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. एक पाय दुसऱ्याहून लांब म्हणून असं होतं, हे जुनं स्पष्टीकरण त्यांनी तपासून बाजूला ठेवलं. दर पावलाला दिशेच्या अंदाजात किंचित चूक होते, बाहेरची खूण नसली की ती सुधारली जात नाही, आणि चुकीवर चूक साचत जाते. माझ्या प्रबंधात मी याच जातीच्या साचत जाणाऱ्या चुकांशी साडेचार वर्षं झगडलो, फक्त माझ्याकडे माणसाऐवजी यंत्र होतं. आणि चकव्यावर गावाचा उपाय काय? चालणं थांबव, आहेस तिथे बस, उजाडेपर्यंत उठू नकोस. याहून चांगला सल्ला मीही देऊ शकणार नाही.

म्हणून मला वाटलं, हडळीचंही असंच काही निघेल. निघालंही, पण ते चकव्यासारखं निरुपद्रवी नव्हतं.

दहा दिवसांची ती अट पाहा. बाळंतपणात किंवा त्यानंतर दहा दिवसांत. बाळंतज्वर, म्हणजे प्रसूतीच्या वेळी हातांतून, कापडांतून गर्भाशयात जाणारा जंतुसंसर्ग, बाईला गाठतो तो साधारण याच दिवसांत. पहिले दोन-तीन दिवस सगळं ठीक, मग हुडहुडी, ताप, बडबड, मोकळे केस, उठून पळू पाहणं, आणि आठव्या-नवव्या दिवशी शेवट. ज्यांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलं त्यांनी बरोबर तेवढ्याच दिवसांभोवती रेघ ओढली. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग अचूक होता, निदान चुकलं. तापात बडबडणाऱ्या बाईला काहीतरी लागलंय, आणि मेल्यावर तीच लागणारी झालीय, असं ठरलं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूती करणाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि त्याच्या कक्षातला मृत्यूचा आकडा आदल्या वर्षी दहा टक्क्यांच्या वर होता तो १८४८ मध्ये दोन टक्क्यांच्या खाली आला. त्याच्यावरही त्याच्या समव्यवसायी डॉक्टरांनी फारसा विश्वास ठेवला नाही, तेव्हा अडाणीपणाचा मक्ता एकट्या कोकणाकडे नाही. १९३६ साली याच लंडनमध्ये, क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्राँटोसिल हे सल्फा जातीचं औषध बाळंतज्वरावर वापरून दाखवलं आणि बायका वाचायला लागल्या.

१९३६ हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. का, ते सांगतो.

लायब्ररीतून घरी आल्यावर मी पुण्याला आत्याला फोन लावला. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, आता ऐंशीची. ऐकू कमी येतं, पण आठवतं सगळं. मी सरळ विचारलं, "आत्या, विहिरीवरची हडळ कोण होती गं?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण कुणीतरी असणार ना ती?"

ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण होती. दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्या घरी आणलेली. वय सतरा. मूल आधी गेलं, तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, नवव्या दिवशी ती गेली. माझी आजी तेव्हा त्या घरात नवी सून, नणंदेच्याच वयाची. दोघी एका पाटावर बसून फुगड्या घालायच्या बेत करणाऱ्या. हे सगळं आत्याला आजीने सांगितलं होतं, तेही एकदाच, आत्या स्वतः पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा. लंडनमध्ये औषध निघून तोवर पाच-सात वर्षं झाली होती. दापोलीच्या त्या माजघरापर्यंत ते पोचलं नव्हतं.

"आणि मागच्या दाराचा खिळा?" मी विचारलं.

या खिळ्याबद्दल आधी सांगायला हवं होतं. आमच्या गावच्या घराच्या मागीलदारी, विहिरीकडे उघडणाऱ्या दाराच्या उंबरठ्यात एक लोखंडी खिळा ठोकलेला आहे. आम्हा पोरांना ताकीद होती, उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, खिळ्याला तर मुळीच लावायचा नाही, ओलांडून जायचं. आम्ही त्याचा खेळ केला होता. रात्री मोरीवर जाताना उडी मारून उंबरठा ओलांडायचा आणि ज्याचा पाय लागेल त्याच्यावर राज्य. कारण कुणी विचारलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "मी सून म्हणून आले. मला सांगितलं ओलांडून जा, मी ओलांडून गेले."

त्या पुस्तकातही खिळा आहे. अशी बाई गेली की तिला नेताना वाटेवर राळे किंवा मोहरी टाकत जायचं आणि घराच्या उंबरठ्यात खिळा ठोकायचा, म्हणजे ती परत येत नाही. एका ओळीत, कोरडेपणाने दिलेली माहिती. माझं वाचन तिथे थांबलं होतं. आत्याने फक्त दुजोरा दिला. तिला नेल्यावर त्याच संध्याकाळी खिळा ठोकला. कुणी ठोकला ते तिने सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. ज्या घराने तिला हौसेने बाळंतपणाला आणलं, त्याच घराचं दार तिला बंद केलं, आणि पुढे तीन पिढ्या पोरांना तिची भीती घातली.

पण एवढंच नाही. भाद्रपदात पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या दिवशी, आजी एक पान वाढून, खण आणि हिरव्या बांगड्या घेऊन तिन्हीसांजेला एकटी विहिरीवर जायची. आम्हाला परसात यायची मनाई. परत येताना तिने मागे वळून पाहायचं नाही, असा नियम होता. एकदा मी पडवीच्या खिडकीतून चोरून पाहिलं. आजी रहाटाच्या कट्ट्यावर बसली होती, बरीच बसली होती, आणि बोलत होती. मला वाटलं मंत्र म्हणतेय. मी सगळ्या भावंडांना सांगितलं की आजीला भुताचे मंत्र येतात, आणि पुढचं वर्षभर आम्ही तिला वचकून होतो.

ही गोष्ट मी आत्याला फोनवर सांगितली, तर ती म्हणाली, "मंत्र कुठले रे! वर्षभराचं सांगायची. घरात काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली."

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण अशा लेखांचा शेवट 'आपल्या जुन्या परंपरा किती हृद्य' असा करायची आपल्याला सवय आहे. मेलेल्या बाईला हडळ ठरवणारी बुद्धी तिथेच थांबत नाही. तीच जिवंत बाईलाही चेटकीण ठरवते. ज्या घरात मूल दगावलं तिथल्या शेजारणीवर, विधवेवर, एकट्या म्हातारीवर बोट दाखवते, आणि पब ज्या जागी उभा आहे तिथल्या त्या मदर डॅम्नेबलचं याहून वेगळं काही झालं असेल असं मला वाटत नाही. इंग्लंडात १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच मानणं बंद केलं आणि चेटूक येतं असा बहाणा करून लोकांना फसवणं हा गुन्हा ठरवला. महाराष्ट्रात त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं कायदा मागत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. देवाला नवस बोलायला किंवा मिरच्या उतरवायला तो कायदा आड येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं अशक्य करणं, याला मात्र सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आईची मोहरी आणि हा कायदा, दोन्ही मला एकाच घरात चालतात.

माझ्या मुलीला मी सगळं सांगितलं. खिळा, औषध, आजीच्या हिरव्या बांगड्या, सगळं. आत्याने सांगितलेलं नावही सांगितलं. ते नाव मी छापत नाही, ते घरातलं आहे. मुलीने ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं, इंग्रजी जिभेवर ते नीट बसेना. तिच्या शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता, त्यात तिने आजोबांच्या आजूबाजूला जागा करून एक फांदी काढली आणि तिच्याखाली आणखी एक छोटी, बिननावाची. बाथरूमला ती एकटी जायला लागली का? तीनेक आठवड्यांनी लागली. त्याचं श्रेय मी घेत नाही. बायकोने पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा लावला होता.

आणि मग जुलैमध्ये चुलतभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. गावच्या घराला वाळवी लागली आहे, मागीलदाराची चौकट बदलायची आहे, सुतार दारात उभा आहे. नवा उंबरठा कडाप्प्याचा बसवतोय. जुन्या लाकडात खिळा आहे, तो काढून नव्यात ठोकायला दगडाला भोक पाडून घ्यावं लागेल. काय करू? घरातला थोरला म्हणून मला विचारलं होतं.

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. चाळिशी उलटलेला, पीएचडी झालेला माणूस एका खिळ्याबद्दल तीन दिवस उत्तर देत नाही, हे मी ऑफिसात कुणाला सांगू शकलो नसतो. पहिल्या दिवशी वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे. दुसऱ्या रात्री वाटलं, चुलतभावाच्या घरी सून बाळंतपणाला यायची आहे. देव न करो, पण काही कमीजास्त झालं तर माझं नाव निघेल. भीती अशी आत बसलेली असते, आणि तिला माझं शिक्षण ठाऊक नसतं. तिसऱ्या दिवशी आईला विचारलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, राहू दे. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "काढ म्हणावं. माहेरपणाला येईल पोर. फक्त काढताना खण-नारळ ठेवा म्हणावं तिथे, आणि बांगड्या. हिरव्या."

मी 'काढ' एवढंच लिहून पाठवलं, आणि खाली खण-नारळाचं.

संध्याकाळी फोटो आला. सुताराने पक्कडीने उपटलेला खिळा वर्तमानपत्रावर ठेवला होता, शेजारी मापाला काड्यापेटी. गंजलेला, डोक्याशी किंचित वाकलेला, बोटभर लांबीचा. मी फोन आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला.

"एवढाच होता?" ती म्हणाली.